सलगतेची वही

माझं काम एवढंच:
मागच्या शॉटमध्ये पेला कुठल्या हातात होता ते लिहून ठेवणं.
बटणं किती लावलेली, मेणबत्ती किती जळलेली,
पायरीवरच्या कुत्र्याचं तोंड डिचोलीकडे की मयेकडे.
टायपिंग क्लासमधून उचललं होतं मला, अक्षर बरं म्हणून.
गुणाजी कारापूरकर वही मागून घ्यायचा, नीट वाचायचा,
आणि म्हणायचा, "छान. आता हे सगळं बदल."

बाप त्याचा बार्जवर तांडेल.
लहानपणी धक्क्यावरून त्यानं पाहिलं,
लाल डोंगर पाण्यावरून चाललाय, सावकाश, समुद्राकडे.
घरी सांगितलं तर आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला.
"ताप नव्हता," तो म्हणायचा. "डोंगर खरंच गेला."
पुढे लोक विचारत, असलं तुम्हाला सुचतं कुठून?
तो खिडकीबाहेर बोट दाखवायचा.
तिथे ट्रक असायचे, एकामागे एक,
ताडपत्रीखाली डोंगराचे तुकडे.

पहिल्या सिनेमात एक बाई
सारमानसला फेरीबोटीत चढते, डोक्यावर घराचं दार घेऊन.
पलीकडच्या चिखलात ते उभं करते, कडी वाजवते,
आतून नवरा विचारतो, "बांगडे मिळाले?"

दुसऱ्यात मास्तर फळ्यावर गणित घालतात
आणि उत्तर म्हणून वर्गात पाणी येतं, गुडघ्यापर्यंत.
ते आम्ही खाजनातून आणलं, रात्री मानस उघडून,
शेतमालकाला न विचारता. त्याचे खेकडे बाकांखाली शिरले.
मी लिहिलं: खेकडे, नग अकरा.
सकाळी नऊच होते. गुणाजी दिवसभर खूश.

पहिल्या खेळाला एकशे सात माणसं,
मध्यंतरानंतर एकोणीस.
कुणीतरी ओरडलं, अरे रीळ उलटं लागलंय!
लागलंच होतं. ऑपरेटर इनास त्या दिवशी प्यायलेला.
गुणाजीनं ते तसंच ठेवलं,
आणि पेपरात आलं, मांडणी धाडसी आहे.

तिसऱ्याचं बिल थकलं, निगेटिव्ह लॅबमध्येच राहिलं.
तो सिनेमा आता फक्त माझ्या वहीत आहे:
छत्री उघडी. छत्री उघडी. छत्री नाही, पण सावली आहे.

मग लग्नं. कॅसेटमागे पाचशे आणि जेवण.
नार्व्याच्या एका लग्नात त्यानं अक्षता
नवरीच्या केसांतून उचलून पाहुण्यांच्या मुठीत परत पाठवल्या
आणि सप्तपदीतलं सातवं पाऊल कापलं.
बापानं पैसे दिले नाहीत. बरोबरच होतं त्याचं.
गेल्या वर्षी तीच नवरी आली, एकटी, चष्मा लावून.
कॅसेट आहे का म्हणाली. नवरा मार्चमध्ये गेला.
"ते एक पाऊल अजून बाकी आहे ना त्यात?"
आम्ही माळ्यावरची चार खोकी उपसली.
बुरशी धरली होती, पण चालली.

खाणी बंद पडल्या. अंगणाअंगणांत ट्रक,
टपावर दुधीचे वेल, आरशात कोंबडी.
खड्ड्यांत हिरवं पाणी, इतकं शांत
की डोंगर होता तेवढाच, फक्त उलटा.
गुणाजी व्हरांड्यात बसून बघायचा.
"मला आता कुणी कामच ठेवलं नाही," म्हणायचा,
आणि पेज गार होऊन जायची.

गेला तेव्हा मी पोचले चार वाजून वीस मिनिटांनी.
सवयीनं बघितलं:
चष्मा काढलेला. शर्टाचं दुसरं बटण नाही.
डाव्या अंगठ्याला शाई. उशाशी पेला, अर्धा.
पायरीवर कुत्रं, तोंड मयेकडे.
त्याची बहीण म्हणाली, "आज तरी नको गो लिहू."

घरी येऊन लिहिलंच.
मग खोडरबर घेतला.
बटण लावलं. चष्मा चढवला.
घड्याळ पावणेसातवर नेलं, सकाळच्या.
कुत्र्याला डिचोलीकडे वळवलं, ते जरा गुरगुरलं.
पेल्याचं तेवढं राहिलंय,
कुठल्या हातात द्यावा.